वादळ डोंगरात पोचतं तेव्हा

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री अकराच्या सुमारास हेलेन नावाचं हरिकेन फ्लोरिडातल्या पेरी या गावाजवळ किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 225 किलोमीटर. तिथल्या किनाऱ्यावरच्या माणसांना अशा वेळी काय करायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: खिडक्यांवर प्लायवूड ठोकायचं, गाडीची टाकी भरायची आणि ‘निघा’ असा हुकूम आला की निघायचं. पण हेलेनने सर्वांत जास्त माणसं घेतली ती किनाऱ्यावर नव्हे, तर तिथून उत्तरेला सुमारे 600 किलोमीटरवर, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत. अमेरिकेत या वादळाने अडीचशेच्या आसपास माणसं गेली. त्यांतली शंभरावर एकट्या नॉर्थ कॅरोलायनातली होती.

या भागातलं मोठं शहर ॲशव्हिल. समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर वसलेलं. किनाऱ्यावरच्या उकाड्याला आणि वादळांना कंटाळलेली माणसं निवृत्तीनंतर इथे घर घेत. हवामानबदलाच्या काळात राहायला सुरक्षित जागा कोणत्या, याच्या चर्चेत या शहराचं नाव हमखास यायचं. अमेरिकी सरकारचं हवामान-नोंदींचं राष्ट्रीय भांडारही याच शहरात आहे. जगभरातल्या तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी सांभाळणारं ते केंद्र हेलेननंतर बरेच दिवस बंद होतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इशारा मिळाला नाही म्हणून हे घडलं, असं म्हणता येत नाही. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने 23 सप्टेंबरपासून पत्रकं काढायला सुरुवात केली होती. दक्षिणेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत भयंकर पाऊस पडेल हे वादळ समुद्रात असतानाच सांगितलं गेलं होतं. या डोंगरांची जबाबदारी असलेल्या हवामान कार्यालयाने 26 तारखेला लोकांना 1916 च्या महापुराची आठवण करून दिली, आणि आधुनिक काळातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी ही एक ठरेल असं बजावलं. अंदाज खरा ठरला. कमी पडली ती पुढची पायरी. ‘डोंगरांत अतिवृष्टी’ हे वाक्य ऐकून ‘म्हणजे माझ्या घरामागच्या ओढ्याचं काय होणार, आणि मी आज रात्री कुठे झोपू?’ इथपर्यंत माणसाला पोचवणारी पायरी. समुद्रापासून दूरच्या गावांची तयारी म्हणजे मुख्यतः ही पायरी बांधणं. ती कशी बांधतात हे समजून घ्यायचं, तर आधी वादळ आत शिरल्यावर काय करतं ते बघावं लागेल.

हरिकेनचं पोट भरतं ते समुद्राच्या कोमट पाण्यावर. जमिनीवर आलं की ते पोषण तुटतं, झाडं, टेकड्या आणि घरं वाऱ्याला अडवतात, आणि काही तासांत वेग निम्म्यावर येतो. म्हणून ‘आमच्यापर्यंत येईतो ते मेलेलं असतं’ असं आतले लोक म्हणतात. हे पुष्कळदा खरंही असतं. पण वाऱ्याचा जोर तासांच्या हिशेबाने उतरतो, किलोमीटरच्या नव्हे. वादळ रेंगाळत आत शिरलं तर दोनशे किलोमीटरवर त्याची दमछाक होते. धावत आलं तर तेवढ्याच तासांत ते दुप्पट अंतर कापतं. हेलेनचा पुढे सरकण्याचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त होता. त्यामुळे वादळ धडकलं त्या ठिकाणापासून 400 किलोमीटर आत असलेल्या जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात ताशी 130 किलोमीटरचे झोत आले. वादळाची बातमी बघताना आतल्या माणसाने ‘किती जोराचं?’ याबरोबर ‘किती वेगाने सरकतंय?’ हेही विचारायला हवं. दूरदर्शनच्या नकाशावर दिसणारा पांढरा शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल ते दाखवतो. वादळ केवढं पसरलेलं आहे ते दाखवत नाही. हेलेन अवाढव्य होतं. शंकूच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहणं त्या दिवशी अनेकांना भोवलं.

आत शिरलेला वारा घरांची छपरं क्वचितच उडवतो. तो झाडं पाडतो. सप्टेंबरात ओक, पॉप्लर, हिकरी पानांनी भरलेले असतात, म्हणजे प्रत्येक झाड हे एक शीड. त्यात आधीच्या पावसाने जमीन भिजून मऊ झालेली असली, तर एरवी जे झाड 130 च्या वाऱ्याला दाद देणार नाही ते 80 ला मुळासकट आडवं होतं. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात हेलेनचे बहुतेक बळी असेच गेले. कोणी अंथरुणात झोपलेलं होतं, कोणी गाडीत होतं. आणि झाड पडलं की तार तुटते, खांब मोडतो, रस्ता अडतो. रुग्णवाहिका आणि वीजकंपनीची गाडी दोन्ही त्याच रस्त्याने यायच्या असतात.

आता पाणी. हा विषय मोठा आहे आणि जास्त प्राणघातकही.

डोंगरातल्या मोठ्या पुरांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पाऊस दोन हप्त्यांत येतो. जुलै 1916 मध्ये मेक्सिकोच्या आखाताकडून आलेल्या एका वादळाने डोंगर भिजवले, आणि काही दिवसांनी अटलांटिककडून दुसरं आलं. तेव्हा अल्टापास नावाच्या ठिकाणी 24 तासांत 564 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सप्टेंबर 2004 मध्ये आधी फ्रान्सिस, मग दहा दिवसांच्या आत आयव्हन. आणि 2024 मध्ये तर पहिला हप्ता हेलेनने स्वतःच लांबून पाठवला. वादळ अजून आखातात होतं, तेव्हाच त्याच्याकडून येणारी दमट हवा डोंगरांजवळ थबकलेल्या थंड हवेच्या सीमेवर चढली आणि 25 तारखेपासून मुसळधार सुरू झाली. 27 च्या सकाळी खुद्द वादळ पोचलं तोवर माती तुडुंब होती, ओढे काठोकाठ होते. एक थेंबही मुरायला जागा उरली नव्हती. जे पडलं ते सरळ वाहिलं.

त्यात डोंगराची करामत वेगळी. दमट वारा ब्लू रिज या डोंगररांगेच्या कड्यावर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझं खाली टाकतो. कोकणातून येणारा मोसमी वारा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हेच करतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. मिचेल शिखराच्या पायथ्याशी असलेल्या ब्युझिक या वस्तीत त्या तीन दिवसांत 782 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तिथून फार दूर नसलेल्या ॲशव्हिलच्या विमानतळावर त्याच्या निम्म्याहून कमी, 355. ॲशव्हिलमधल्या माणसाने खिडकीतून पाहून पावसाचा अदमास बांधला असता तर तो फसलाच असता. तिथल्या नद्या शहरातल्या पावसाने फुगत नाहीत. वरच्या खोऱ्यांतल्या पावसाने फुगतात. फ्रेंच ब्रॉड नदीने ॲशव्हिलला 24.67 फूट गाठले. 1916 चा विक्रम 23.1 चा होता. तिची उपनदी स्वॉनानोआ बिल्टमोरपाशी 26.1 फुटांवर गेली. 1916 मध्ये ती 20.7 फुटांवर होती. शंभर वर्षांपूर्वीच्या खुणेवर विसंबून ज्यांनी घर ‘त्याच्या वर’ बांधलं होतं त्यांच्याही घरात पाणी शिरलं.

मोठ्या नदीचा पूर भयानक दिसतो, पण तो थोडा वेळ देतो. पाणीपातळी मोजणारी यंत्रं असतात, फुगवटा वरून खाली यायला काही तास लागतात. ओढा वेळ देत नाही. डोंगरातल्या घळीतला ओढा अर्ध्या तासात घोट्यापासून छातीपर्यंत येतो. 1969 मध्ये कॅमिल हे हरिकेन मिसिसिपीच्या किनाऱ्यावर येऊन गेल्यानंतर दोन दिवसांनी त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी व्हर्जिनियातल्या नेल्सन काउंटीत एका रात्रीत सुमारे 700 मिलिमीटर पाऊस ओतला. तिथे 124 माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक झोपेत. त्या ओढ्यांवर मोजणीची यंत्रं नव्हती.

ओढ्याचं आणखी एक दुखणं म्हणजे मोऱ्या. रस्त्याखालची मोरी फांद्यांनी, ओंडक्यांनी, वाहून आलेल्या प्लास्टिकच्या पिंपांनी तुंबते, पाणी मागे साठतं आणि मग रस्ताच फोडून एकदम सुटतं. खालच्या घरांना तो लोंढा पावसाच्या मानाने अकारण मोठा वाटतो. वादळापूर्वी एखाद्या गावाकडे फक्त एका दिवसाची मजुरी असेल तर ती मोऱ्या साफ करण्यावर खर्च करावी असं माझं ठाम मत आहे.

आणि मग दरडी. हेलेनने दोन हजारांहून जास्त ठिकाणी डोंगर सुटले. या दरडी एखादी कड निसटावी तशा थांबून राहत नाहीत. माती, पाणी, दगड आणि अख्खी झाडं यांचा तो ओल्या काँक्रीटसारखा लोंढा असतो. तो घळीच्या वाटेने खाली येतो आणि घळ जिथे मोकळ्या जमिनीला मिळते तिथे पसरतो. घर बांधायला नेमकी तीच जागा सपाट आणि सोयीची असते. ॲशव्हिलजवळच्या फेअरव्ह्यू भागात अशाच लोंढ्याखाली एकाच कुटुंबातली 11 माणसं गेली. 2004 च्या पावसानंतर राज्याने कोणत्या उतारांना धोका आहे याचे नकाशे करायला घेतले होते. 2011 मध्ये ते काम थांबवलं गेलं आणि 2018 मध्ये पुन्हा सुरू झालं. ती सात वर्षं वाया गेली याचं मला वाईट वाटतं, कारण नकाशा ही तयारीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे. पण नुसता नकाशा असून भागत नाही. ॲशव्हिलच्या बंकम काउंटीचा नकाशा तयार होता. तो किती घरांपर्यंत पोचला होता, हा खरा प्रश्न.

म्हणून तयारीची सुरुवात कोरड्या दिवसात, घराच्या अंगणात उभं राहून करायची. पाणी कुठून येतं? घर घळीच्या तोंडाशी आहे का? अंगणातले मोठाले गोटे कशाने आले असतील? (ते बहुधा मागच्या एखाद्या दरडीनेच आलेले असतात.) कोणतं झाड पडलं तर कोणत्या खोलीवर येईल? सरकारी पूरनकाशात आपलं घर नसेल तर तेवढ्यावर थांबू नये. त्या नकाशात दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर दाखवतात आणि तोही मुख्यतः मोठ्या प्रवाहांचा. लहान ओढे पुष्कळदा त्यात नसतातच. याचा परिणाम विम्यावर होतो. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. नकाशात नाही म्हणून बँक ती मागत नाही आणि बँक मागत नाही म्हणून कोणी घेत नाही. बंकम काउंटीत अशी पॉलिसी असलेली घरं एक टक्क्याच्या आसपास होती. सरकारी योजनेतली पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे 30 दिवस लागतात, तेव्हा वादळाचं नाव ऐकून ती घेण्यात अर्थ नसतो.

याच काळात घराला आणि गावाला आणखी काही गोष्टी करता येतात. वाळलेली झाडं आणि घरावर झुकलेल्या जड फांद्या तोडून घ्यायच्या. हवामान खात्याचे इशारे थेट ऐकवणारा, हाताने चावी फिरवून किंवा सेलवर चालणारा रेडिओ घ्यायचा. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या पूरग्रस्त काउंट्यांत हेलेननंतर मोबाइलचे सुमारे तीन चतुर्थांश मनोरे बंद होते, हे एकदा कळलं की त्या रेडिओचं महत्त्व पटतं. गावाने करायची गोष्ट म्हणजे ओढ्यांवर मोजणी यंत्रं बसवणं. 2021 मध्ये फ्रेड नावाच्या वादळाने शेजारच्या हेवूड काउंटीतल्या क्रूसो भागात 6 माणसं घेतली. त्यानंतर तिथे पिजन नदीच्या खोऱ्यात अशी यंत्रं बसवली गेली. वर पाणी चढलं की खाली फोन जातो. एवढीच ती गोष्ट. पण झोपलेल्या घराला त्यातून मिळणारी वीस मिनिटं हाच जीव वाचण्याचा वेळ असतो.

वादळाला नाव मिळालं, शंकू आपल्या दिशेने वळला, की घड्याळ सुरू होतं. हातात साधारण तीन ते पाच दिवस असतात. हेलेनच्या बाबतीत तेवढेही नव्हते: 24 ला नाव, 26 च्या रात्री किनारा. शिवाय पहिला हप्ता 25 लाच सुरू झालेला. म्हणजे डोंगरातल्या माणसाचं घड्याळ किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा एक दिवस पुढे असतं. सामान आणायचं, आईला उंचावरच्या घरी हलवायचं, ते पहिला पाऊस येण्यापूर्वी.

सामानात पाणी सगळ्यांत आधी. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हा सरकारी हिशेब पिण्याचा आणि जुजबी धुण्याचा. संडासात ओतायचं पाणी त्यात नाही. त्यासाठी बाथटब, बादल्या, कचऱ्याची नवी पिंपं जे हाताशी असेल ते भरून ठेवायचं. किती दिवसांचं? पुस्तकात किमान तीन दिवस लिहिलेलं असतं. ॲशव्हिलची कथा ऐकली तर तीन दिवस अपुरे वाटतील. शहराचं मुख्य धरण नॉर्थ फोर्क. 2004 मध्ये त्याच्या खालची मोठी नळवाहिनी पुरात गेली होती, म्हणून नंतर एक पर्यायी वाहिनी टाकली आणि ती सुमारे 25 फूट खोल पुरली. हेलेनने मूळ वाहिनी नेलीच, पण ती खोल पुरलेली पर्यायी वाहिनीही उकरून नेली. नळ पुन्हा जोडले गेले तरी जलाशयात वाहून आलेली बारीक चिकणमाती खाली बसेना. तुरटीसारखी रसायनं घालून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली. पिण्यायोग्य पाणी नळाला आलं 18 नोव्हेंबरला, 53 दिवसांनी. या अवधीत लोक ओढ्यातून बादल्या भरून संडासाला नेत होते, आणि रुग्णालयं टँकरवर चालत होती.

पाण्यापाठोपाठ औषधं. महिन्याच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आजच भरून घ्यायच्या. ऑक्सिजनचं यंत्र किंवा थंड ठेवावं लागणारं इन्सुलिन यांवर जगणाऱ्या माणसाने विजेच्या भरवशावर डोंगरातल्या घरात थांबूच नये; त्याला आधी हलवायचं. अशा माणसांची यादी काउंटीकडे हवी, आणि ती नसेल तर चर्चकडे, अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांकडे, कोणाकडे तरी हवी. रोख पैसे जवळ ठेवायचे, कारण नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही. त्या आठवड्यात पेट्रोल विकणाऱ्यांनी जिथे विकलं तिथे बहुतेकदा नोटा घेऊनच विकलं. विम्याचे आणि घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. प्रोपेनची टाकी पट्ट्यांनी बांधून, कारण ती तरंगते आणि वाहताना फुसफुसत गॅस सोडते.

शेवटच्या दीड दिवसात खरा निर्णय असतो: थांबायचं की निघायचं. इशाऱ्यांच्या दोन पायऱ्या असतात. ‘वॉच’ म्हणजे तशी परिस्थिती जुळून येते आहे. वादळी वाऱ्यासाठी तो साधारण 48 तास आधी देतात. ‘वॉर्निंग’ म्हणजे ते येणार हे धरून चाला; तो 36 तास आधी. अचानक येणाऱ्या पुराचा वॉर्निंग मात्र मिनिटांच्या हिशेबात येतो, बहुधा रात्री, आणि त्या वेळी घर सोडणं बऱ्याचदा थांबण्याइतकंच धोक्याचं असतं. तेव्हा ओढ्याकाठच्या, घळीच्या तोंडाशी असलेल्या आणि ट्रेलरच्या घरातल्या माणसांनी निर्णय वॉचवर घ्यायचा, वॉर्निंगवर नव्हे. ट्रेलरचं घर जमिनीला कितीही पट्ट्यांनी बांधलेलं असलं तरी वादळी वाऱ्यात ते राहण्याची जागा नव्हे, आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात अशी घरं खूप आहेत.

किनाऱ्यावर घर सोडणं म्हणजे शेकडो किलोमीटर गाडी चालवणं. डोंगरात तसं नाही. इथे पुष्कळदा एक किलोमीटर पुरतो: ओढ्यापासून दूर, उतारापासून दूर, उंच पण कड्याखाली नसलेल्या जागी. मैत्रिणीचं घर, शाळेचं सभागृह, कणखर जमिनीवरचं चर्च. हे अंतर इतकं कमी असतं की ‘एवढ्यासाठी काय जायचं’ म्हणून माणसं जात नाहीत. या डोंगरांत मेलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत सुरक्षित जागा डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर होती, ही गोष्ट सहन होत नाही. निघायचं कुठे हे ठरलेलं हवं आणि तिथल्या माणसाला ते आधी सांगितलेलं हवं. रात्री तीन वाजता दार ठोठावायचा संकोच जीवघेणा ठरू शकतो.

जे थांबतील त्यांनी मोठ्या झाडापासून दूरच्या बाजूच्या, तळमजल्यावरच्या खोलीत झोपावं. पुराची भीती असेल तर तळघरात मात्र नाही. 2021 मध्ये आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यूयॉर्क शहरावर पडला तेव्हा तळघरातल्या खोल्यांमध्ये 11 माणसं बुडाली. ओढ्याचा आवाज ऐकत राहायचं. भर पावसात ओढा एकाएकी कमी झाला तर आनंद मानायचा नाही. वर कुठेतरी दरडीने तो अडवला असण्याची शक्यता असते. पाणी एकदम गढूळ होणं, झाडं कडकड मोडण्याचा आवाज, जमिनीतून येणारी घरघर यांपैकी काहीही जाणवलं की घळीच्या वाटेपासून बाजूला, आडवं पळायचं. लोंढ्याच्या दिशेने खाली नाही.

आणि गाडी घ्यायची नाही. पूरबळींपैकी फार मोठा वाटा गाडीत बसलेल्यांचा असतो. 15 सेंटीमीटर खोल धावतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, 30 सेंटीमीटर पाणी बहुतेक लहान गाड्या उचलतं आणि 60 सेंटीमीटरमध्ये जीपसारखी जड गाडीही वाहते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, ते दिसत नाही. हेलेनमध्ये पिजन नदीने आंतरराज्य महामार्ग 40 चा काही भाग खालून कुरतडून नेला. महामार्गाची ही गत, तर गावातल्या रस्त्याचा काय भरवसा.

27 तारखेच्या दुपारपर्यंत पाऊस थांबला, आकाश मोकळं होऊ लागलं. आतल्या गावांच्या दृष्टीने वादळाचा लांब भाग तिथून पुढे सुरू होतो. रस्ते तुटलेले, वीज नाही, फोन मुके. बाहेरून मदत यायला पहिल्या टप्प्यात काही दिवस लागले. काही दऱ्यांमध्ये खेचरांवर लादून औषधं न्यावी लागली. मिचेल शिखरावरचा हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर त्या दिवसांत सगळ्या भागाचा टेलिफोन झाला. कोण कुठे अडकलं आहे, कोणाला डायलिसिस हवं आहे, कोणत्या पुलापलीकडे काय आहे हे सगळं तिथून बोललं जात होतं. प्रत्येक खोऱ्यात असा एक तरी परवानाधारक रेडिओवाला असावा आणि तो कोण हे गावाला माहीत असावं. या तयारीला पैसे जवळपास लागत नाहीत.

या काळातले मृत्यू टाळता येण्यासारखे असतात, म्हणून ते जास्त चटका लावतात. जनरेटर पडवीत किंवा गॅरेजमध्ये लावला की कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला ना वास ना रंग. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, आणि त्याचा धूर खिडकीकडे येणार नाही अशा दिशेने. रस्त्यावर पडलेली तार मेलेली असेल असं कधीच धरायचं नाही. ताणाखाली वाकलेलं झाड करवतीने कापणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. पुराच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, खतं सगळं असतं. त्यात हात घातला तर साबणाने धुवायचा, जखम असेल तर उघडी ठेवायची नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या एका डोंगराबद्दल असलं तरी आपल्यापैकी अनेकांची माणसं त्याच पट्ट्यात राहतात. अटलांटा, शार्लट, रॅले या शहरांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, आणि ही तीनही शहरं समुद्रापासून इतकी आत आहेत की तिथे हरिकेनची तयारी सहसा कोणाच्या मनात येत नाही. हेलेनमध्ये शार्लटजवळ कटॉबा नदीकाठच्या घरांतही पाणी शिरलं होतं. तिथल्या आपत्ती-नियोजनात एक साधा सल्ला नेहमी असतो: वादळाच्या पट्ट्याबाहेर राहणारं एक माणूस संपर्कासाठी ठरवून ठेवा. गावातल्या गावात फोन लागत नाही तेव्हाही बाहेर पाठवलेला एखादा छोटा संदेश निघून जातो. घरातला प्रत्येक जण आपापली खुशाली त्या एकाच माणसाला कळवतो आणि बाकीचे त्याला विचारतात. ते माणूस पुण्यात, नाशकात किंवा मडगावातही असू शकतं. तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो, त्यामुळे इथलं माणूस जागं असण्याची शक्यता उलट जास्तच.

अटलांटिकमधला हरिकेनचा मोसम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत असतो. तुमची मुलगी, भाचा किंवा वर्गमित्र त्या भागात असेल तर या आठवड्यात फोन करा. घराजवळून कोणता ओढा जातो, कोणतं झाड छपरावर येऊ शकतं, रात्री निघावं लागलं तर कोणाकडे जाल, एवढं विचारा. आणि संपर्काचं माणूस म्हणून स्वतःचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांगा.